आधी गोड, मग वडी, शेवटी रस्सा: चौघांचे पाऊण तासातले जेवण

सुरुवातीच्या चटकदार पदार्थापासून गोडापर्यंतचे चार माणसांचे जेवण पाऊण तासात मांडायचे असेल, तर स्वयंपाकातले सर्वांत वेळखाऊ काम एखाद्या सवडीच्या दिवशी आधीच उरकलेले असावे लागते, आणि नाशिककडच्या घरांत ते काम म्हणजे कांदा-खोबऱ्याचे वाटण. वाटण डब्यात तयार असले की प्रश्न उरतो तो क्रमाचा. गोड पदार्थ वाढायचा शेवटी असला तरी त्याला मुरायला आणि गार व्हायला वेळ लागतो, म्हणून तो सर्वांत आधी करावा. वडी थापल्यावर निवावी लागते, म्हणून ती त्यानंतर. आणि रस्सा ताटात वाफाळताच यावा लागतो, म्हणून तो अगदी शेवटी. पुढील पदार्थ याच क्रमाने दिले आहेत. मापासाठी वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची आमटीची वाटी, मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर असे धरावे.

वाटण

अर्धा किलो कांदे, १५० ग्रॅम सुके खोबरे, लसणाचे दोन गड्डे, दोन इंच आले, दोन मोठे चमचे तीळ आणि मूठभर कोथिंबिरीच्या काड्या एवढ्या साहित्यात चौघांच्या दोन जेवणांपुरते वाटण होते. कांदा निवडताना थोडे लक्ष द्यावे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून येणाऱ्या कांद्यात लाल कांदा आणि उन्हाळ कांदा असे दोन ठळक प्रकार असतात. पावसाळ्यानंतर येणाऱ्या लाल कांद्यात पाणी जास्त असते आणि तो फार दिवस टिकत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी निघणारा उन्हाळ कांदा मात्र साठवणीच्या चाळीत महिनोन्महिने राहतो, कारण तो अधिक सुका आणि घट्ट असतो. हाच सुकेपणा वाटणाच्या कामी येतो, कारण कढईतले पाणी आटेपर्यंत कांदा केवळ उकडत राहतो, त्याला रंग चढत नाही. हाताशी लाल कांदाच असेल तर तो परतायला काही मिनिटे अधिक लागतील एवढे गृहीत धरावे. कोशिंबिरीला किंवा मिसळीवर घालायला मात्र तोच रसदार कांदा चांगला.

कांदा उभा पातळ चिरून एक मोठा चमचा तेलावर, चिमूटभर मीठ घालून, मध्यम आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत परतावा. याला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात आणि येथे घाई करण्यात अर्थ नाही. मोठ्या आचेवर कडा करपतात, आतला कांदा कच्चाच राहतो आणि मग रश्श्यात कडवटपणा व उग्रपणा एकदमच उतरतो. सालासकट अख्खा कांदा निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर काळा होईपर्यंत भाजण्याची पद्धत चवीला सरस आहे, हे कबूल करावेच लागेल. मात्र नंतर शेगडी पुसत बसण्याची तयारी हवी. खोबरे किसून निराळ्या कढईत मंद आचेवर तांबूस करावे. ते कांद्यात घालून एकत्र परतू नये, कारण खोबऱ्यातले तेल सुटू लागले की ते मिनिटाभरात करपते आणि कांद्याला तर अजून बराच वेळ हवा असतो. तीळ त्याच गरम कढईत तडतडेपर्यंत भाजावेत. लसूण आणि आले कांद्याच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत टाकले तरी पुरते.

सर्व जिन्नस पूर्ण निवल्यावरच मिक्सरमध्ये घालावेत, कारण गरम मिश्रणाची वाफ भांड्यात कोंडून झाकण उडू शकते. टिकवायचे वाटण शक्यतो पाण्याशिवाय, गरज पडल्यास चमचाभर तेल घालून वाटावे. असे वाटण फ्रिजमध्ये पाच दिवस चांगले राहते आणि फ्रीजरमध्ये महिनाभर राहते. मात्र एका जेवणाला लागेल तेवढे एका डबीत, अशा निरनिराळ्या डब्या भराव्यात, म्हणजे सगळा गोळा वितळवून उरलेला पुन्हा गोठवण्याची वेळ येत नाही.

द्राक्षे घातलेले श्रीखंड

जानेवारी ते एप्रिल हा नाशिकच्या द्राक्षांचा मुख्य हंगाम असतो आणि त्या दिवसांत गोड पदार्थासाठी वेगळा विचार करण्याची गरज नाही. अर्धा किलो चक्का दुग्धालयातून आणावा. घरी दही टांगून चक्का करायचा असेल तर ते किमान चार तासांचे काम आहे आणि पाऊण तासाच्या हिशेबात ते बसत नाही. दही आदल्या रात्रीच फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवावे, म्हणजे ते आंबटही होत नाही. चक्क्यात २५० ग्रॅम पिठीसाखर मिसळावी. एरवीच्या श्रीखंडाच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, पण द्राक्षांची स्वतःची गोडी त्यात पडायची असते. साखर मिसळताच चक्का सैल होतो, म्हणून घाबरून त्यात दुसरे काही घालू नये. अर्धा तास फ्रिजमध्ये राहिला की तो पुन्हा घट्ट होतो. मिश्रण पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून एकदा काढले की गुठळ्या मोडतात आणि पोत रेशमी होतो. केशराच्या आठ-दहा काड्या चमचाभर कोमट दुधात भिजवून घालाव्यात आणि वेलदोडा अगदी चिमूटभर घालावा. जायफळ श्रीखंडात एरवी शोभते, पण द्राक्षांच्या सौम्य वासावर ते मात करते, म्हणून येथे ते टाळलेले बरे.

दोन वाट्या द्राक्षे वाढण्याच्या दहा मिनिटे आधीच घालावीत. ती उभी अर्धी चिरून स्वच्छ फडक्यावर उताणी ठेवली की वरचे पाणी टिपले जाते. ओली द्राक्षे आधीपासून मिसळून ठेवली तर श्रीखंडाच्या कडेने पाणी सुटते. द्राक्षांवर दिसणारा पांढरट थर म्हणजे दर वेळी फवारणीचे औषधच असते असे नाही. तो बराचसा फळाचा नैसर्गिक मेणासारखा लेप असतो आणि फळातले पाणी उडून जाऊ नये म्हणून तो तेथे असतो. म्हणूनच द्राक्षे आणल्याबरोबर धुऊन न ठेवता वापरण्याच्या वेळीच धुवावीत. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून नंतर वाहत्या पाण्याखाली चोळून घ्यावीत. थॉमसन किंवा सोनाका ही हिरवी लांबट द्राक्षे रंग बिघडवत नाहीत, तर काळी शरद द्राक्षे श्रीखंडाला हलकी जांभळी छटा देतात; ती छटा पाहुण्यांच्या डोळ्यांना आवडते की खटकते, हे ज्याने त्याने ठरवावे. द्राक्षे गरम दुधाच्या खिरीत मात्र कधीही घालू नयेत, कारण त्यांच्या आंबटपणाने दूध फाटते.

हंगाम नसेल तेव्हा पर्याय शोधायला फार लांब जावे लागत नाही. थंडीत सुरगाण्याच्या बाजूने स्ट्रॉबेरी येते. ती चिरून दोन चमचे साखरेत वीस मिनिटे ठेवली की स्वतःचाच लाल पाक सोडते आणि तो पाक साध्या श्रीखंडावर ओतला की झाले. मे महिन्यात आंबा असतो. पावसाळ्यात गार श्रीखंडापेक्षा नागलीचा, म्हणजे नाचणीचा, शिरा जास्त रुचतो. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागात नागली मुबलक पिकते आणि तिचे पीठ नाशिकच्या गिरणीत सहज मिळते. एक वाटी पीठ अर्धी वाटी तुपावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजावे. नागलीचा रंग मुळातच तपकिरी असल्याने रव्याप्रमाणे रंगावरून भाजणीचा अंदाज येत नाही. पीठ हलके होऊन तूप कडेने सुटू लागले आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर गेला की ते झाले असे समजावे. दरम्यान दोन वाट्या पाण्यात पाऊण वाटी गूळ विरघळवून गाळून घ्यावा, ते उकळते पाणी पिठात हळूहळू ओतावे आणि झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ आणावी. येथे दुधाऐवजी पाणीच घ्यावे, कारण गुळामुळे उकळते दूध फाटण्याची शक्यता असते.

कोथिंबिरीची पाटवडी

कोथिंबीर वडी वाफवून, निववून, कापून तळायची म्हटली की तास मोडतो. कढईतच शिजवून ताटात थापलेली पाटवडी तीच चव वीस-पंचवीस मिनिटांत देते आणि तिचा आणखी एक फायदा पुढे रश्श्याच्या वेळी दिसेल. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी घेताना कोवळ्या काड्यांची घ्यावी. जून काड्या वडीत दाताखाली येतात, त्या वाटणासाठी ठेवाव्यात. जुडी धुऊन पाणी पूर्ण निथळल्यावरच चिरावी.

एक वाटी बेसन एका वाटी पाण्यात, अर्धा चमचा हळद आणि चवीपुरते मीठ घालून, गुठळी न राहील असे कालवून घ्यावे. कोरडे बेसन उकळत्या पाण्यात सोडण्याची जुनी रीत सरावलेल्या हाताला जमते, इतरांनी आधी कालवलेलेच बरे. कढईत दीड मोठा चमचा तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग आणि एक चमचा तीळ यांची फोडणी करावी, त्यात आले, लसूण व चार हिरव्या मिरच्यांचा ठेचा परतावा, अर्धी वाटी पाणी घालून उकळी आणावी आणि मग दीड वाटी चिरलेली कोथिंबीर व कालवलेले बेसन एकदमच ओतून सतत ढवळत राहावे. चार-पाच मिनिटांत मिश्रण घट्ट होऊन कढई सोडू लागते. यानंतर आच अगदी मंद करून झाकण ठेवावे आणि पाच मिनिटे वाफ द्यावी. अनेक घरांत ही वाफच गाळली जाते आणि मग वडी दिसायला छान पण चवीला कच्च्या बेसनाची होते. ओल्या बोटाने गोळ्याला स्पर्श केल्यावर तो चिकटला नाही, तर तो शिजला आहे.

तेलाचा हात लावलेल्या ताटात हे मिश्रण गरम असतानाच ओतून वाटीच्या तळाने अर्ध्या इंचाच्या जाडीचे थापावे आणि वरून किसलेले सुके खोबरे व खसखस दाबून बसवावी. दहा मिनिटांनी शंकरपाळ्याच्या आकारात वड्या कापाव्यात. त्यांपैकी दोन तृतीयांश वड्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करून लिंबाची फोड आणि कच्च्या कांद्यासह वाढाव्यात. उरलेल्या न तळता बाजूला ठेवाव्यात.

एवढाही वेळ नसेल तर नागलीचा पापड आहेच. तो ज्योतीवर भाजून त्यावर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लाल तिखट आणि लिंबू घालावे, पण पाहुणा समोर बसल्यावरच. आधी सजवून ठेवलेला पापड दोन मिनिटांत मऊ पडतो. टोमॅटोच्या बिया व गर काढून टाकल्या तर तो जरा जास्त दम धरतो.

काळ्या मसाल्याचा रस्सा आणि शेवभाजी

शेवभाजी खानदेशातून नाशिकच्या ताटात आली आणि येथे पुरती रुळली. झटपट जेवणासाठी तिच्याइतकी सोयीची मुख्य भाजी दुसरी नाही, कारण तिच्यात चिरायचे, सोलायचे किंवा शिजवायचे असे जवळपास काहीच नसते. सगळी करामत रश्श्याची असते.

जाड बुडाच्या कढईत पाव वाटी तेल तापवावे. जिरे तडतडल्यावर आच कमी करून एक मोठा चमचा लाल तिखट तेलात घालावे आणि ते करपण्याआधीच, म्हणजे चार-पाच सेकंदांतच, वर सांगितलेले निम्मे वाटण घालावे. तिखटाचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात उतरतो आणि तेच तेल शेवटी रश्श्यावर तर्री म्हणून तरंगते, म्हणून ही एक पायरी चुकवू नये. वाटण सहा-सात मिनिटे परतावे; तळाला धरू लागले तर चमचाभर गरम पाण्याचा हबका मारावा. कडेने तेल सुटले की दोन लहान चमचे काळा मसाला, एक चमचा धणे पूड आणि अर्धा चमचा हळद घालून मिनिटभरच हलवावे. काळा मसाला आधीच भाजून कांडलेला असतो, त्याला पुन्हा फार परतले तर दगडफूल आणि लवंगेचा सुवास उडून जातो व नुसता काळा रंग उरतो. विकतच्या आणि घरच्या मसाल्याच्या तिखटपणात पुष्कळ फरक असतो, तेव्हा नवा मसाला असेल तर एका चमच्यापासून सुरुवात करावी.

नंतर चार वाट्या कडकडीत गरम पाणी ओतावे. हे पाणी शेजारच्या शेगडीवर आधीपासून तापत ठेवलेले असावे, कारण गार पाण्याने कढईतली उष्णता एकदम उतरते आणि पुन्हा उकळी येईपर्यंतची मिनिटे फुकट जातात. मीठ हात राखून घालावे, शेवेत ते असतेच. एक सणसणीत उकळी आल्यावर आच मंद करून झाकण अर्धवट ठेवावे आणि सहा मिनिटे उकळू द्यावे. आच मोठीच ठेवली तर तेल रश्श्यात घुसळत राहते आणि तर्री वर येत नाही. ज्यांना तेल कमी हवे आहे त्यांनी तेल अर्धे केले तरी चव बिघडत नाही, पण मग तर्रीची अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा तेल पुरते घालून वाढताना पथ्याच्या माणसाला खालचा रस्सा द्यावा, हे अधिक बरे. टोमॅटो या रश्श्यात घालणारी घरे आहेत, परंतु माझ्या मते त्याच्या आंबटगोडाने काळ्या मसाल्याचा खमंगपणा बोथट होतो.

शेव कढईत कधीही घालू नये. भाजीची म्हणून मिळणारी जाड तिखट शेवच घ्यावी. चिवड्यातली बारीक शेव रश्श्यात क्षणात विरघळून पिठल्यासारखी होते. प्रत्येकाच्या वाटीत आधी मूठभर शेव, तीवर उकळता रस्सा, तीवर कोथिंबीर असे वाढावे आणि लगेच जेवायला सुरुवात करावी, कारण पाच मिनिटांत शेव निम्मा रस्सा पिऊन टाकते. बाजूला ठेवलेल्या न तळलेल्या पाटवड्या येथे उपयोगी पडतात: घरात शेव न खाणारे कोणी असेल, तर थोडा रस्सा लहान पातेल्यात काढून त्यात वड्या दोन मिनिटे उकळाव्यात, म्हणजे पाटोड्यांची रस्साभाजी तयार होते. याच रश्श्यात उकडून चिरा दिलेली अंडी किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडीही सोडता येतात.

रस्सा जास्त तिखट झाला म्हणून वरून पाणी ओतल्याने तो केवळ पातळ होतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तोंड भाजलेल्या पाहुण्याला पाण्याचा पेला देण्यापेक्षा वाटीभर दही देणे उपयोगाचे.

सोबत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी असेल तर उत्तमच, पण ज्याला भाकरीचा सराव नाही त्याने पाहुणे येण्याच्या दिवशी ती शिकायला घेऊ नये, पाव आणावेत. भातासाठी इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ चांगला. दोन वाट्या तांदूळ धुऊन पंधरा मिनिटे भिजवून चार वाट्या पाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्यांवर शिजवावा. हा भात मुळातच थोडा चिकट असतो आणि म्हणूनच रस्सा धरून ठेवतो, त्यामुळे तो मोकळा व्हावा म्हणून पाणी कमी करण्याचा खटाटोप करू नये. कुकर पाटवडी कढईत वाफत असतानाच चढवावा, म्हणजे रस्सा उकळेपर्यंत त्याची वाफ आपोआप जिरते.

रस्सा उरलाच तर शेवेशिवाय, निराळ्या भांड्यात, निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट झालेला असतो. अर्धी वाटी गरम पाणी घालून पाच मिनिटे उकळला की मिसळीचा कट म्हणून चालतो. मात्र त्यासाठी मोड आलेली मटकी तयार हवी. ती आठ-दहा तास भिजून नंतर रात्रभर फडक्यात बांधलेली असावी लागते, म्हणजे पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळीच मूठभर मटकी पाण्यात टाकून ठेवावी.